हसरी मान डोलावते

आमच्या कारखान्यात, मागाच्या खात्यात, तिला सगळे हसरी म्हणतात. हे नाव कौतुकाने पडलंय असं मुकादमाला वाटतं, तिच्या गल्लीतल्या दुकानदारालाही वाटतं. मला विचाराल तर तिच्या अख्ख्या दिवसात त्या हसण्याइतकं कष्टाचं काम दुसरं नाही. समोरच्याने काही म्हटलं की ती आधी त्याचा चेहरा बघते. तो हसत असेल तर हसते, गंभीर असेल तर मान डोलावते. समोरच्याला वाटतं, काय गुणी बाई आहे, कशालाच नाही म्हणत नाही. अहो, ऐकू आलं तर नाही म्हणेल ना!

अर्धं आयुष्य यंत्रमागावर गेलं तिचं. तो धडधडाट ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. दातांत भरतो, छातीत भरतो, घरी जाऊन उशीवर डोकं ठेवलं तरी उशीतून येतो. त्यात कुणी कुणाशी तोंडाने बोलत नाही, म्हणजे आवाजाने बोलत नाही. ओठ मोठे मोठे हलवायचे, जोडीला हात. दोन माग सोडून उभ्या असलेल्या बाईला सासूची अख्खी कागाळी अशी सांगता येते आणि शेजारच्या पुरुषाला पत्ता लागत नाही. त्यामुळे खात्यात कुणाचे कान गेलेत आणि कुणाचे शाबूत आहेत, हे कळायला मार्गच नाही. तिथे सगळ्या सारख्याच.

मी कापड तपासते. माझी खोली खात्याला लागून आहे, मध्ये काच. टेबलावरून कापड ओढत ओढत मी डाग बघते, तुटलेला धागा बघते, आणि मान वर केली की समोर हसरीचा माग. आमची मैत्री काचेतूनच झाली. ती मला काचवाली म्हणते. आमची ओळख होईपर्यंत तिचे कान संपत आले होते, त्यामुळे माझा आवाज तिने कधी नीट ऐकलेलाच नाही. माझ्या घरचे म्हणतात, म्हणूनच टिकली मैत्री.

मागावर कामाला कान लागत नाहीत, पण नियमाला लागतात. दुसऱ्या एका खात्यात मोठा अपघात झाला, तेव्हापासून मालकाने घंटा बसवली. घंटा वाजली की असेल तिथे माग थांबवायचा आणि खाली वाकायचं. ज्याला घंटा ऐकू येत नाही त्याने मागावर उभं राहायचं नाही. तेव्हा हसरीने आपली झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवली. घंटा झाली की मी काचेमागून दोन्ही मुठी डोक्यावर नेऊन फुली करायची, शेजारच्या बाया हात लावायच्या, आणि तिचं निभावून जायचं. नवरा वारलेला, पदरात एकच लेक. माग सुटला तर खायचं काय, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

मागच्या हिवाळ्यात एकदा निभावलं नाही. शेजारच्या मागाचा धोटा उडाला. धोटा म्हणजे धागा घेऊन या टोकाहून त्या टोकाला पळणारं लाकूड, दोन्हीकडे लोखंडी टोक. तो मागातून सुटला की बंदुकीतून सुटल्यासारखा जातो. बाई ओरडली, घंटा वाजली, सगळ्या वाकल्या. हसरी तेवढी ताठ उभी, तुटलेला धागा जोडत होती. मी मुठी वर नेईपर्यंत धोटा तिच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आपटला. भिंतीचा पोपडा पडला तेव्हा तिने वळून बघितलं आणि सवयीने हसली. नेमकी तेव्हाच तिची लेक दारात उभी होती. आई सकाळी डबा विसरली होती, तो घेऊन आली होती. डबा तिने तिथेच ठेवला आणि निघून गेली. मुकादम चहाला गेला होता, म्हणून ती मूठ तेवढी झाकलेली राहिली.

खात्याबाहेरच्या जगात हसरीचे कान म्हणजे ही लेक. हुशार पोर, नववीत. दुकानात, दवाखान्यात, घरमालकापुढे तीच. शाळेतसुद्धा पालकांच्या बैठकीला बाई जे बोलतील ते ती आईकडे तोंड करून ओठांनी सांगायची, आई मान डोलवायची, बैठक संपायची. बाईंना वाटायचं, आई अडाणी आहे म्हणून पोर कुजबुजून समजावते. बाईंचं बोलणं हसरीला ओठांवरून का कळू नये, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "शिकलेली माणसं ओठ हलवतच नाहीत गं. आणि बोलतात कागदाकडे बघून." शाळेचा फोन आला तर तो तिच्या काय कामाचा? पोरच उचलायची. शाळेत हसरीचं नाव काय पडलं असेल? बेफिकीर. मुलीच्या आयुष्याशी देणंघेणं नसलेली बाई. ते मला पुढे कळलं, आणि कळल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तर एक दिवस मुकादम तपासणीच्या खोलीत आला आणि सहज बोलावं तसं बोलला, "हसरीची पोरगी शाळा सोडतेय म्हणे. आमची ही सांगत होती. आमचा पोरगा तिच्याच वर्गात आहे ना. गेल्या दोन बैठकांत हसरीनेच हो म्हटलंय म्हणे, घरात हातभार पाहिजे. शुक्रवारच्या बैठकीला दाखला काढणार."

 तो गेला आणि मी काचेवर बोटं वाजवली. हसरीला वाजलेलं कळत नाही, पण बोटं हललेली दिसतात. तिने बघितलं.

"लेकीला शाळेतून काढतेस?" मी ओठांनी विचारलं.

ती हसली. मला वाटलं, विषय झटकतेय. मग लक्षात आलं, तिला थट्टा वाटली होती. माझा चेहरा तसाच राहिला, तशी ती थांबली. मागावर धागा तुटला तरी तिने हात पुढे केला नाही. तुटलेला धागा तिने असा सोडलेला मी कधी बघितला नव्हता.

"कोण म्हणालं?"

"तूच. शाळेत. दोन बैठकांत मान डोलावून आलीस."

ती मागाच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग माझ्याकडे वळून एकेक शब्द सावकाश बोलली, "पोरीला काही विचारू नकोस. विचारलं तर ती मला पटेल तेच सांगेल. मला बाईंच्या तोंडून बघायचंय."

"बाईंना सांगून टाक ना सरळ, ऐकू येत नाही म्हणून."

तिने नुसती मुकादमाच्या खुर्चीकडे मान केली. बैठकीला त्याची बायको असणार होती. दुपारी शाळेत बोललेलं संध्याकाळी खात्यात पोचणार. इकडे आड तिकडे विहीर, मी तरी काय बोलणार? शुक्रवारी सोबत येते म्हणाले, बस.

शाळेच्या दाराशीच माशी शिंकली. शिपाई म्हणाला, "फक्त पालक आणि विद्यार्थी."

"मी मावशी आहे."

"मावश्यांना बाहेर बाक आहे."

लेक आईचा दंड धरून आत निघाली होती. मला तिथे बघून तिचा चेहरा उतरला, तो मी बघितला. "मावशी, तू कशाला आलीस?" एवढंच बोलली आणि आईला जवळजवळ ओढतच घेऊन गेली. हसरीने दारातून एकदा वळून बघितलं. दोन बोटं हवेत वाजवली. आमच्यात त्याचा अर्थ एकच, काच.

मी बाकावरून उठले आणि इमारतीला वळसा घातला. मागे नळ होता, चिखल होता, आणि वर्गाची खिडकी होती. एक तावदान लावलेलं, एक किलकिलं. बाई खिडकीकडे पाठ करून टेबलाशी बसलेल्या. म्हणजे त्यांच्या तोंडावर सगळा अंधार. देवाने जरी डोळे दिले तरी त्या ओठांवरून कुणाला काही वाचता आलं नसतं! समोर हसरी आणि तिची लेक. मागे बाकांवर पाळीची वाट बघणारे पालक, पहिल्याच बाकावर मुकादमाची बायको, पर्स मांडीवर घेऊन. बाईंच्या खांद्यावरून मी हसरीला दिसत होते. लेकीची नजर एकदा बाईंवर, एकदा आईवर, खिडकीकडे तिचं लक्षच नव्हतं. मला किलकिल्या तावदानातून सगळं ऐकू येत होतं. मी ओठ ओले केले आणि कामाला लागले.

बाई लेकीकडे बघून बोलत होत्या. आईकडे एकदाही नाही. "आईंना सांग, अजूनही विचार करा. तू वर्गात पहिल्या दोघींत आहेस."

मी ते शब्द जसेच्या तसे ओठांवर घेतले.

लेक आईकडे वळली. स्पष्ट, सुरेख ओठ हलवते ती, खात्यातल्या बायांच्या तोंडात मारतील असे. "बाई म्हणतात, अभ्यास चांगला चाललाय."

खोटं तरी म्हणायचं कसं? अर्धं खरंच होतं. हसरी माझ्याकडे बघत होती, लेकीकडे बघितल्यासारखं करत.

"एकदा दाखला दिला की या वर्षी परत घेता येणार नाही," बाई म्हणाल्या. "हे त्यांना नीट समजलंय ना?"

लेक वळली. "बाई विचारतात, तुझी तब्येत कशी आहे?"

आणि हसरीची मान सवयीने खाली जायला लागली.  मी दोन्ही मुठी डोक्यावर नेल्या आणि फुली केली. माग थांबव! तिची मान अर्ध्यातच थांबली.

"ओ बाई! इथे काय चाललंय?" शिपाई. चिखलातून येत होता. "हातवारे कुणाला करताय?"

"गप बसा हो दोन मिनिटं."

"गप बसा? मलाच?"

त्याच्या नादात माझं एक वाक्य सुटलं. आत बाईंनी काय विचारलं ते गेलं, पण लेकीचं उत्तर मिळालं. ते ती बाईंना देत होती, आईकडे पाठ करून, हळू आवाजात. "आईनेच ठरवलंय, बाई. ती म्हणते, शिकून काय करायचंय. तिला मी कारखान्यात यायला हवीय."

हे शब्द माझ्या ओठांवर यायला तयार नव्हते, खरंच सांगते. हसरीच्या तोंडी पोरीने घातलेले शब्द मी हसरीलाच परत द्यायचे. शिपायाने माझा हात धरला होता. हसरी माझ्याकडे बघत होती, वाट बघत होती. मी सगळं सांगितलं, "शिकून काय करायचंय" सकट.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण हसू नसलेला तो चेहरा कसा असतो ते त्या दिवशी बघितलं. चांगलीच वयस्क दिसली.

बाईंनी उसासा टाकला आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला. लेकीने आईच्या हातात पेन दिलं. "हजेरीचा कागद आहे, आई. सही कर." 

हसरीने पेन टेबलावर ठेवलं. आणि बोलली.

कानाने अधू माणसाला आपला आवाज किती मोठा हे कळत नाही. त्यात ती खात्यातली. एरवी बाहेर ती बोलायचंच टाळते, ते याच कारणाने. तिचा तो "नाही!" वर्गभर असा गेला की पाठीमागच्या बाकावरचं एक लहान मूल रडायला लागलं.

"नाही! मी असं म्हटलेलं नाही! कधीच नाही म्हटलं!"

लेक उठली, आईच्या तोंडावर हात ठेवायला गेली. "आई, हळू. आई, तिकडे बघ," आणि डोळ्यांनी पहिला बाक दाखवला.

हसरीने बघितलं. मुकादमाच्या बायकोची पर्स मांडीवरून खाली सरकली होती, ती उचलायचं तिला भान नव्हतं. मला वाटलं, आता हिची मान खाली जाईल. खात्यातली एक अख्खी पाळी मी त्या क्षणात उभी राहिले.

"बघितलं मी त्यांना," हसरी म्हणाली. "ऐकू देत." मग बाईंकडे वळली. "मला ऐकू येत नाही, बाई. बरीच वर्षं झाली. इथे येऊन मी नुसती मान हलवत आले. तुम्ही काय विचारलंत आणि मी कशाला हो म्हटलं, मला माहीत नाही."

 बाई चांगल्या होत्या हो, त्यांचंही काही वाईट नव्हतं मनात. पण सवय! त्या पुन्हा लेकीकडेच वळल्या. "अगं, मग तू हे आधी..."

हसरीने टेबलावर हात आपटला. "तिच्याशी नको. माझ्याशी बोला. खुर्ची फिरवा, उजेडात तोंड करा, आणि माझ्याशी बोला."

बाई उठल्या. टेबलाच्या कडेला खुर्ची आडवी फिरवली. खिडकीतला उजेड त्यांच्या तोंडावर आला तेव्हा त्या रडवेल्या झालेल्या मला दिसल्या.

"माझी मुलगी शाळेत कशी आहे?" हसरीने विचारलं.

पुढचं मला ऐकायला मिळालं नाही. शिपायाने मला फाटकापर्यंत पोचवलं. जाता जाता त्याने विचारलं, "काय झालं आत?" मी म्हटलं, "पालक आले." त्याला काही कळलं नाही, आणि मला समजावून सांगायचा उत्साह नव्हता.

बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या. लेक पुढे, भराभरा. हसरी मागे. "निम्मंच कळलं," ती मला म्हणाली. "बाईंचे ओठ फार बारीक हलतात. बाकीचं पुढच्या वेळी विचारते." दाखला निघाला नव्हता. पोरगी शाळेत राहिली होती. मी खुश व्हायचं की रडायचं, ते मला ठरवता येईना, कारण उद्या शनिवार होता आणि खातं चालू होतं.

मुकादमाच्या बायकोचं यात काही चुकलं असं मी म्हणणार नाही. नाही, म्हणणारच. तिच्या पोराच्या वह्या हरवल्या की हसरीच्याच पोरीच्या वह्या मागायला यायची ती. पण पोटात काही राहत नाही म्हणतात ना, तशातली. सकाळी माग सुरू व्हायच्या आधीच मुकादम हसरीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि तिच्या पाठीशी जोरात टाळी वाजवली. एकदा, दोनदा. अख्खं खातं बघत होतं. मी काचेमागे दोन्ही हात वर केले, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. समोरच्या बायांच्या चेहऱ्यांवरून तिला कळलं होतं, आणि तिला वळायचं नव्हतं. ती माग पुसत राहिली. मग त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तिला धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायच्या खोलीत टाकलं. पगार उतरला. मालकाने काढलं नाही हेच उपकार समजा, असं मुकादम मला म्हणाला. त्याला मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी मी तिच्याबरोबर घरी गेले. तिची कात्री, बसायचा पाट, मागावर टांगलेला जुना स्वेटर, सगळं माझ्या हातात. एकच खोली त्यांची. लेक भिंतीकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्या हातातला पाट तिने बघितला आणि तिला समजलं. पुन्हा भिंतीकडे वळली. कालपासून ती आईकडे पाठ करूनच वावरत होती, असं हसरीने मला रस्त्यात सांगितलं होतं. बहिऱ्या आईवर रुसायची याहून क्रूर रीत नसेल.

मग भिंतीलाच सांगावं तशी ती बोलायला लागली. "मी मुकादमकाकांना विचारलं होतं, कुणाला सांगू नका म्हणून. तुझ्या शेजारचा माग मला देणार होते, शिकाऊ म्हणून. घंटा झाली की मी तुला हात लावला असता. कुणाला कळलं नसतं. मावशी काय, काचेच्या पलीकडे आहे, तिचे हात पोचतात का? मी बघितलंय तो धोटा. तुला दिसला पण नाही. तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं? सगळं जमत आलं होतं. कशाला बोललीस?"

तिचे खांदे हलत होते. हसरीला ते दिसलं. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणते ती?"

मी ओठ उघडले. तेवढ्यात तिनेच हात वर केला. "राहू दे. तू नको सांगूस."

ती लेकीसमोर गेली, भिंत आणि पोरगी यांच्यामध्ये जेमतेम जागा होती तिथे अंग चोरून बसली आणि तिची हनुवटी धरून वर केली. "रागाने बोल. शिव्या दे. पण माझ्याकडे बघून."

पोरीने सगळं पुन्हा सांगितलं, रडत, नाक पुसत, तोंड वेडंवाकडं होत. असे ओठ वाचायला कठीण जातात, पण हसरीने तिला मध्ये थांबवलं नाही, परत विचारलंही नाही. शेवटपर्यंत बघत राहिली.

मग म्हणाली, "तू मागावर आली असतीस तर मी वाचले असते, खरं आहे. पण थोड्या वर्षांनी आपण दोघी अशाच समोरासमोर बसलो असतो, आणि मी तुला मारलेली हाक तुलासुद्धा ऐकू आली नसती."